बेलभंडारा आणि गाडीवाट

नाताळच्या सुट्टीत परभणी जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं, की आमच्या नाशिकची माणसं विचारतात, "तिकडे काय आहे पाहण्यासारखं?" मी हुरड्यापासून सुरुवात करते, पण चारठाण्याच्या खांबांपर्यंत येईतो त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं. म्हणून सगळं एकदाच लिहून काढते आहे. ज्यांना वाचायचं ते वाचतील, आणि निदान मधेच उठून कोणी चहा टाकायला जाणार नाही.

जाण्याचं निमित्त असं, की शाळेच्या मुलांसाठी मी जगातल्या धर्मांवर एक छोटं पुस्तक लिहायला घेतलं होतं. अर्धं झालंही होतं. प्रत्येक धर्माला एक चौकट: उगम कुठे, संस्थापक कोण, ग्रंथ कोणता, शिकवण काय. वाचून पाहिलं तर रेल्वेचं वेळापत्रक बरं म्हणायची वेळ. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारी सुजाता मूळची सेलू तालुक्यातली, तिच्या घरी शेती. तिने दोन पानं वाचली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही एकदा माझ्या गावाकडे चला. तुमचे बहुतेक धर्म वाटेतच भेटतील."

माझ्या जाऊबाईंना हे पसंत नव्हतं. विद्यापीठाच्या नावाचा वाद तेव्हा मिटलेला नव्हता, मराठवाडा म्हटलं की लोकांना तेवढंच आठवायचं. त्यातून सुजाता बौद्ध. "अशा दिवसांत त्यांच्या घरी कशाला उतरायचं?" असं त्या म्हणाल्या. मला नको म्हटलं की जावंसंच वाटतं, हा माझा लहानपणापासूनचा स्वभाव, त्यामुळे त्यांनी एका अर्थी माझं जाणं पक्कंच केलं.

परभणी

रेल्वेचा प्रवास सांगण्यासारखा नाही. कुणाची तरी ट्रंक सेलूपर्यंत माझ्या पायावर होती एवढंच आठवतं. परभणीला उतरून आम्ही दर्ग्याकडे जायला टांगा केला. टांगेवाला "अल्लाकसम, इथंच हाय" म्हणाला आणि निम्मं गाव फिरवून आम्हाला उतरवलं. दर्ग्यात सगळ्या जातीधर्मांची माणसं होती. कपाळभर कुंकू लावलेली एक बाई नवस फेडायला आली होती आणि रेवड्या वाटत होती. मीही दोन घेतल्या.

बाहेर मेंदी लावलेल्या दाढीचे एक म्हातारे अत्तरवाले बसले होते. त्यांनी आम्हाला आग्रहाने बसवून मनगटाला अत्तर लावलं. मी माझे ठरावीक प्रश्न काढले. त्यांनी उत्तरं दिली, बरोबरही दिली, पण आमच्या वर्गातली हुशार मुलगी पाहुण्यांसमोर कविता म्हणते तशी. शेवटी मी वही मिटली आणि टांगेवाल्याची तक्रार केली. तेव्हा कुठे म्हातारबुवा खुलले. आईची, लेकराची, स्वतःच्या डोक्याची कसम खायचीच नाही, घ्यायची तर फक्त अल्लाची, असं त्यांनी सांगितलं. घेतलेली कसम पाळता आली नाही तर दहा गरिबांना जेवू घालावं लागतं, तेही सांगितलं.

"कसम म्हंजी बाई, अल्लाला गवाह बोलवायचं," ते म्हणाले. "टांग्याच्या भाड्यासाठी कुणी येवढ्या मोठ्याला बोलवतंय का?"

त्या क्षणी मला माझा प्रश्न सापडला. तुमचा धर्म काय मानतो असं विचारलं की माणसं पाठ केलेलं सांगतात. शपथ कशी घेता असं विचारलं की आठवून, विचार करून सांगतात. पुढच्या सगळ्या प्रवासात मी तेवढंच विचारत सुटले, आणि सुजाताने कपाळाला हात लावला.

नेमगिरी आणि चारठाणा

जिंतूरच्या एसटीत शेजारी एक ख्रिस्ती नर्स बसली होती. तिच्या पिशवीत नाताळच्या करंज्या होत्या. आमच्याकडे दिवाळीत करतात त्याच, फक्त मुरड जरा वेगळी. ती म्हणाली, आमच्या प्रभूने शपथ घ्यायलाच मनाई केली आहे. होय असेल तर होय म्हणा आणि नाही असेल तर नाही, बाकी काही जोडू नका. मग कोर्टात काय करता, असं विचारल्यावर हसून म्हणाली, "घेते आणि मनातल्या मनात माफी मागते." मला नाशिकच्या आमच्या ज्यू शेजारीणबाई आठवल्या. त्या शपथेतच काय, एरवीही देवाचं नाव उच्चारायच्या नाहीत, लांबून वळसा घालून बोलायच्या.

जिंतूरपासून जवळच नेमगिरीच्या टेकडीत जैनांची लेणी आहेत. दारं इतकी ठेंगणी की आत जाताना वाकावंच लागतं. मी एका ठिकाणी वाकायची विसरले, तिथल्या टेंगळाची आठवण नाशिकपर्यंत पुरली. आतल्या तीर्थंकरांच्या मूर्ती मात्र काय सांगू. बाहेर दुपारचं ऊन लागत होतं आणि तिथे असा गारवा, की डोकं दुखत असूनही मला उठवेना. जिंतूरचे एक श्रावक दर्शनाला आले होते. माझ्या चौकटीत 'संस्थापक: महावीर' असं लिहिलेलं त्यांना मुळीच आवडलं नाही. महावीर चोविसावे, त्यांच्या आधी तेवीस होऊन गेले, असं त्यांनी मला शांतपणे पण दोनदा सांगितलं. शपथेचं विचारल्यावर म्हणाले, आम्ही नियम घेतो. साक्षीला कोण, असं विचारलं तर म्हणाले, "ज्यानं घेतला तोच."

चारठाण्याला जुन्या देवळांचे कोरीव खांब पाहून आम्ही हॉटेलात चहाला बसलो. हॉटेल म्हणजे पत्र्याखाली दोन बाकडी. मी शिक्षिका असल्याचं कळताच तिथल्या चार शेतकऱ्यांनी माझी शाळा घेतली. कुठून आलात, काय लिहिता, कशाला लिहिता? मग मीही सांगत बसले. बुद्ध आणि महावीर एकाच मुलखातले, जवळजवळ एकाच काळातले. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान असे तिघंही इब्राहीम नावाच्या एकाच जुन्या पुरुषापर्यंत आपलं मूळ नेतात. बशीतला चहा फुंकत एक जण म्हणाला, "म्हंजी भावकीच की. मंग भांडण असणारच." इतकी वर्षं मी हा भाग शिकवते आहे, पण एवढ्या थोडक्यात मला कधी सांगता आला नव्हता.

तुमच्याकडे शपथ कशी घेतात, असं मी विचारलं तेव्हा हॉटेलवाल्याने बेलभंडाऱ्याचं सांगितलं. देवळापुढे उभं राहून हातात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घ्यायचा आणि काय ते बोलायचं. त्यानंतर तंटा संपला, कोर्टकचेरी नाही. खोटा बेल उचलणाऱ्याचं वर्ष निघत नाही, अशी श्रद्धा. मी आनंदाने लिहून घेत होते. सुजाताने मात्र कप खाली ठेवला होता आणि तिचा चेहरा उतरला होता.

बाहेर आल्यावर मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्या घरी सध्या तेच चाललंय, बाई. तुम्हाला सांगणार नव्हते."

देवगाव फाट्यापासून आत

फाट्यावर उतरून जीपने थोडं गेलो, मग पायी. सुजाताचे आईवडील सुगीच्या दिवसांत शेतावरच, आखाड्यात राहतात. आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे. इकडे शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. सुजाताची आई गयाबाई आम्हाला घ्यायला रस्त्यावर आली होती. तिने माझी बॅग उचलून डोक्यावर ठेवली आणि मी नको नको म्हणेपर्यंत चालायलाही लागली. समोर सरळ सपाट वाट दिसत होती, पण तिच्या तोंडाशी बाभळीची काटी रचून ती बंद केलेली. आम्ही नाल्यातून, दगडगोट्यांतून वळसा घालून गेलो. माझ्या साडीचा काठ एका बोरीने ठेवून घेतला.

आखाड्यावर पोचलो तर दारात बैलगाडी उभी, बैल सावलीत रवंथ करत बसलेले, आणि दोन बायका कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन त्याच नाल्याने निघालेल्या. गाडीबैल असून हे असं का, ते जेवताना कळलं. जेवणात ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा होत्या. शेंगा सोलता सोलता सुजाताचे वडील तुळशीराम यांनी सांगितलं. माणूस उंच, सावकाश बोलणारा. दोन वाक्यांच्या मधे आपली भाकरी खाऊन व्हावी.

त्यांची जमीन आत, आणि रस्त्याकडे यायला मधे मुंजाजीराव नावाच्या मोठ्या शेतकऱ्याचं रान. एकदा बांधावर दोघेच असताना मुंजाजीराव म्हणाले, तुळशीराम, माझ्या धुऱ्यानं, ह्या बांधाच्या कडेनं, गाडी घालत जा, कायमची वाट दिली तुला. त्यांच्या हयातीत गाडी गेली. गेल्या वर्षी ते वारले. त्यांचा मुलगा उत्तमराव म्हणाला, बापानं माणुसकीनं जाऊ दिलं असंल, कायमची दिली हे मला ठाऊक नाही. साक्षीदार कुणीच नाही. संक्रांत झाली की त्या पट्ट्यावर तो नांगर घालणार होता, आणि एकदा तिथे ऊस उभा राहिला की वाट कायमची गेली. पण उत्तमरावाने गावासमोर एक सांगितलं होतं: तुळशीरामाने मारुतीपुढे बेलभंडारा उचलून म्हणावं, मी त्याच दिवशी काटी काढतो.

गावाच्या दृष्टीने याहून सरळ न्याय नव्हता. आणि तुळशीराम बेल उचलायला तयार नव्हते. मग गावाने जो अर्थ काढायचा तो काढला. भावकीतली माणसंसुद्धा म्हणायला लागली, की काहीतरी पाणी मुरतंय.

खरं सांगते, मलाही वाटलं, एक पान उचलायला काय हरकत आहे. मी ते बोललेही. गयाबाई भाकरी थापायची थांबली.

"मी बी तेच म्हनते, बाई. म्हनलं, तुमी न्हाई तर मी उचलते. तर म्हनायलेत, तू उचल, पन मंग मी तिकडून गाडी न्हेनार न्हाई. कापूस माज्या डोक्यावर, आन धरम ह्यांचा."

तुळशीराम हसले. मग हातातली शेंग सोलून म्हणाले, "आमच्या गावात दीक्षा झाली तवा मी पोरगा व्हतो. माझ्या मायनं देव्हाऱ्यातले देव दुधना नदीत सोडले. मी चारचौघांत उभं ऱ्हाऊन म्हनलो, आता ह्यांच्या पाया पडनार न्हाई, ह्यांची आन घेनार न्हाई. त्यो एक शब्द. मुंजाजीरावानं मला दिला त्यो दुसरा. पैला मोडून दुसरा खरा हाय म्हनून सांगायचं, ते कसं जमंल?"

भाकरी चांगली होती म्हणून मी आणखी अर्धी घेतली.

हुरडा

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमराव स्वतः बांधावर येऊन उभा राहिला. नाशिकहून बाई आल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. हुरडा खाल्ल्याशिवाय पाहुण्याने जायचं नाही, म्हणाला, आणि पोरीलाबी आणा. मी त्याला मनातल्या मनात मिशा-बिशा लावून ठेवल्या होत्या, प्रत्यक्षात तो एक सडपातळ, चष्मा लावलेला चाळिशीचा माणूस निघाला. मी तुळशीरामांकडे पाहिलं. "जावा," ते म्हणाले. "हुरडा त्याचा लय गोड असतो." आमच्याकडे भांडण असलं की आपण पाहुण्यालाही त्यात वाटून घेतो. इथे तसं नव्हतं, याचं मला फार बरं वाटलं.

आगटीभोवती बसलो. उत्तमराव निखाऱ्यातून कणसं काढून तळहातांवर चोळत होता आणि हिरवे, वाफाळते दाणे पुढ्यात पडत होते. बरोबर कारळाची चटणी, दही आणि गूळ. मी किती खाल्लं ते सुजाताला विचारू नका.

धर्मांच्या पुस्तकाचं त्याने ऐकलं होतं. मी अत्तरवाले सांगितले, नर्स सांगितली, श्रावक सांगितले. तो सगळं नीट ऐकत होता. मग कणीस चोळता चोळता म्हणाला, "मंग तुमच्या पुस्तकात बुद्धाची शपथ कशावर घेतात?"

सुजाता माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हटलं, तशी शपथ नाहीच. पंचशील असतं, रोज म्हणायचं, त्यात चौथं खोटं न बोलण्याचं. ते ज्याने त्याने आपलं आपण पाळायचं.

"वर बगनारं कुनी?"

"कुणी नाही."

"मंग खोटं बोलायला भ्याव कुनाचं?"

"स्वतःचंच," मी म्हटलं, आणि म्हणतानाच मला ते तोकडं वाटलं. शिक्षिकेच्या जातीला गप्प बसणं जमत नाही. मी आणखी स्पष्ट करायला गेले, "अहो, ते बेलाला देव मानतच नाहीत. तुम्हाला तो बेल आहे. त्यांना तो नुसता पाला आहे."

"पाला," उत्तमराव म्हणाला. त्याने हातातलं कणीस खाली ठेवलं आणि आगटीकडे पाहत बसला. नंतर त्याने आम्हाला आग्रह केला, दही वाढलं, पण तो विषय पुन्हा काढला नाही.

परत येताना वाटेत माझ्या ध्यानात आलं. ज्याला वर कुणाची भीती नाही, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, असंच मी त्या माणसाला जवळजवळ शिकवून आले होते. तुळशीरामांची उरलीसुरली वाटही माझ्या व्याख्यानाने बंद झाली, असं वाटून मला रडूच आलं. सुजाता म्हणाली, "बाई, तुम्ही खरं तेच सांगितलंत." पण तिचाही आवाज पडला होता. तुळशीरामांना आम्ही सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, की बाईंनी बराबर सांगितलं, पालाच हाय त्यो.

परतीची वाट

निघायच्या दिवशी गयाबाईने माझी बॅग डोक्यावर घेण्यासाठी चुंबळ केली. तेवढ्यात धुऱ्याकडून हाक आली, "तुळशीरामदादा, गाडी जुंपा."

वाटेच्या तोंडाशी उत्तमराव उभा होता. हातातल्या लांब आकड्याने बाभळीची काटी ओढून बाजूला टाकत होता. अंगठ्याला काटा लागून रक्त आलं होतं, तो चोखत चोखत आमच्याकडे आला. तुळशीरामांशी बोलायचं असून तो माझ्याकडे पाहून बोलायला लागला.

"काल तुमी म्हनलात, बेल म्हंजी ह्यांना पाला. मी त्याच्यावर लय इचार केला. पालाच हाय तर उचलायला काय जड व्हता? मुठीत धरला असता, चार शब्द बोलले असते, गाडी न्हेली असती. ना देवाचं भ्याव, ना कुनाचं. खोटं बोलनाऱ्याला तर लय सोपं व्हतं." तो थांबला. "जो मानूस पाल्याला बी खोटं हात लावत न्हाई, त्यो माझ्या बापाच्या नावानं खोटं काय बोलंल?"

गयाबाईने चुंबळ सोडली आणि लुगड्याच्या पदराने डोळे पुसले. माझं पुस्तक, माझ्या चौकटी, सगळं मला त्या वेळी फार लहान वाटलं आणि फार आनंद झाला. तुळशीरामांनी फक्त मान हलवली आणि बैल जुंपायला गेले.

वर्षभराच्या खंडानंतर ती गाडी पुन्हा त्या वाटेला लागली. मागे कापूस, कापसावर मी आणि सुजाता, बाजूने गयाबाई आणि उत्तमराव चालत. माणसाने खूश व्हावं असा थाट होता, पण गाडी डावीकडच्या दगडांवरून अशी आपटत चालली होती की माझी हाडं खिळखिळी झाली. उजव्या अंगाला चांगली मऊ माती दिसत होती. मी म्हटलं, "अहो तुळशीराम, जरा उजवीकडून घ्या ना."

"उजवीकडून न्हाई जमत."

"जाऊ द्या की," उत्तमराव म्हणाला, "मी काय म्हनायलोय का तुमाला?"

"तुमी न्हाई. मुंजाजीराव म्हनले व्हते. गाडी डाव्या अंगानं घाल, उजवीकडं मला आंबा लावायचाय."

उत्तमराव जागच्या जागी उभा राहिला. तुळशीरामांनीही बैल थांबवले.

"आंब्याचं मला बी बोलला व्हता त्यो," उत्तमराव म्हणाला. "शेवटच्या दुखन्यात. म्हनला, धुऱ्याच्या उजवीकडं एक केशर लाव. घरात दुसऱ्या कुनालाच ठावं न्हाई." त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "दादा, हे आंदी कामून न्हाई सांगितलं?"

तुळशीरामांना खरोखरच हा प्रश्न नवा होता.

"कुनी इचारलंच न्हाई," ते म्हणाले. "सगळे निसतं बेल उचल, बेल उचल म्हनत व्हते."

सुजाता आधी हसली, मग गयाबाई, मग उत्तमराव डोळे पुसता पुसताच हसायला लागला. गाडी पुन्हा दगडांवरून निघाली. उत्तमराव आमच्याबरोबर आला नाही. मी मागे वळून पाहिलं, तर फेकून दिलेली बाभळीची काटी तो एकेक करून परत ओढत होता. पण त्याने ती वाटेवर टाकली नाही. धुऱ्याच्या उजव्या अंगाला, मऊ मातीच्या कडेला नीट रचून ठेवली.

"ऱ्हाऊ द्या हितंच," तो लांबून ओरडून म्हणाला. "पावसाळ्यात आंब्याला कुंपन लागंल."